भावजयीची मुलाखत

सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीत कुणाकडेही सरकारी कागद आला की तो आधी माझ्याकडे येतो. मी महापालिकेच्या मराठी शाळेत मास्तर आहे, म्हणून मला सगळं कळतं असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलंय, आणि मीही ते कधी खोडून काढलेलं नाही. रेशनकार्डातलं चुकलेलं नाव असो, लाइटबिलाची तक्रार असो की पासपोर्टचा अर्ज, समोरचा अवघडून बसलेला असतो आणि मी चष्मा सावरत "हं, पुढे?" म्हणत असतो. त्या "हं, पुढे?"ची मला चटक लागली आहे, हे कबूल करायला हरकत नाही.

माझा धाकटा भाऊ वरच्या मजल्यावर राहतो. तो बमरोलीला कापडाच्या लूम्सवर कारीगर. लग्नाआधीपासून त्याच्या डोक्यात परदेश. एकदा दुबईच्या गोडाऊनसाठी, एकदा पोलंडमधल्या कारखान्यासाठी आणि एकदा कुठल्याशा बेटावरच्या हॉटेलात भांडी घासण्यासाठी त्याने अर्ज केले, तिन्ही मीच भरले, आणि तिन्ही वेळा फोनवर इंग्रजीत नाव विचारल्याबरोबर हा घामाघूम होऊन गप्प बसला. तिसऱ्या वेळी तर त्याने फोन माझ्या हातात कोंबला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. त्यानंतर घरात परदेशाचा विषय निघेनासा झाला.

म्हणून दोन वर्षांपूर्वी एका रविवारी तो मोबाइल घेऊन खाली आला आणि "ती म्हणते, हे बघा" असं म्हणाला, तेव्हा मला नवल वाटलं. ती म्हणजे त्याची बायको, माझी भावजय. कॅनडात एका मशरूमच्या फार्मवर माणसं हवी होती. शिक्षण बारावी, इंग्रजी कामापुरतं, अनुभव नसला तरी चालेल, हातकाम केलेलं असल्यास उत्तम. काही काळ काम टिकवलं की तिथे कायम राहण्यासाठी अर्ज करता येतो, आणि मग नवरा-मुलांनाही नेता येतं. एजंट नाही, दलाल नाही, फार्मच्या स्वतःच्या पानावर जाहिरात. तिनेच शोधली होती. मी दोनदा वाचली, कुठे खोट सापडते का बघितली, सापडली नाही. जरा वाईटच वाटलं.

"अर्ज कुणाचा भरायचा?" मी भावाला विचारलं.

"तिचा," तो म्हणाला. "माझ्याच्याने काय होणार नाही, दादा. तिला जाऊ दे."

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आम्ही खानदेशातले. धाकट्या भावाची बायको जेठाशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, थेट बोलत नाही. डोक्यावर पदर घेते, तो आला की आत जाते, आणि काही सांगायचं असलंच तर मध्ये कुणाला तरी घालते. सुरतेत येऊन आमच्या दोन पिढ्या झाल्या, घरात पोरं गुजरातीत भांडतात, पण ही रीत काही सुटली नाही. भावाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. गॅसवाला आला तरी ती तिच्या मुलीला सांगायची, "मोठ्या बाबांना सांग, गॅसवाला उना शे." गॅसवाला माझ्याच दारात उभा असायचा आणि मला तो दिसत असायचा. तरी मी मुलगी येऊन सांगेपर्यंत थांबायचो आणि मग माझ्या बायकोला म्हणायचो, "तिला म्हणावं, पैसे देतो." यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. मला तर हा मान वाटायचा.

तर अर्ज भरायला बसलो. टेबलावर, पलंगावर नेहमीप्रमाणे साड्यांचे गठ्ठे पडले होते. मी चिडून "हे जरा उचला" म्हणालो, ते खाली ठेवले गेले, आणि मी लॅपटॉप मांडला. भावजय स्वयंपाकघराच्या दाराआड, तिच्या पदराचा काठ तेवढा दिसत होता. माझी बायको मधल्या दारात. मी प्रश्न विचारायचो, बायको तो आत न्यायची, आतून उत्तर आणायची. तेवढ्या चार हातांच्या अंतरात प्रत्येक उत्तराला मिनिटभर लागत होतं. नाव, जन्मतारीख, बारावीचे मार्क. मग कामाच्या अनुभवाचा रकाना आला. तो प्रश्न मी आत पाठवलाच नाही. समोर भाऊ बसला होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "ती कुठे नोकरी करते?" ते मलाही पटलं. मी अनुभव "नाही" असं लिहिलं, व्यवसाय "गृहिणी" असं लिहिलं. शाळेच्या प्रवेशाला बसतो तेव्हा आईच्या व्यवसायापुढे हाच शब्द मी इतक्या वेळा लिहिलाय की तो लिहायला डोकं लागत नाही, नुसती बोटं लागतात. अर्ज गेला.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. व्हिडिओवर मुलाखत, तीन आठवड्यांनी, इंग्रजीत. घरात धांदल उडाली. इंग्रजी शिकवणार कोण, तर मीच. पण शिकवणार कसं? पहिले दोन दिवस आम्ही तेही रीतीप्रमाणे केलं. मी इंग्रजीत प्रश्न विचारायचो, बायको तो आत न्यायची आणि तिकडून इंग्रजी उत्तर आणायची. बायको सातवी शिकलेली. तिसऱ्या दिवशी तिने हात टेकले. "माझी जीभ वळत नाही," ती म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा," आणि आत जाऊन भावजयीला दंडाला धरून बाहेर आणून माझ्यासमोर खुर्चीवर बसवलं.

भावजयीने पदर कपाळापर्यंत ओढला आणि नजर टेबलाच्या कडेला लावली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. शेवटी मी कॅलेंडरलाच इंग्रजीत म्हणालो, स्वतःबद्दल सांगा.

आणि तिने सांगितलं. थेट मला, इंग्रजीत. मी एकतीस वर्षांची आहे, मला सात वर्षांची मुलगी आहे, मी दहा तास उभी राहून काम करू शकते, मला थंडीची सवय नाही पण मी ती करून घेईन. आवाज खालच्या पट्टीतला होता, मी कल्पना केली होती त्यापेक्षा जाड. उच्चार आपल्याकडचेच, पण कुठे अडखळणं नाही. एका छपराखाली नऊ वर्षं राहून तो आवाज मला उद्देशून मी कधी ऐकला नव्हता. मराठी किंवा अहिराणी असती तर तिच्या तोंडून हे निघालं नसतं आणि माझ्या कानांनी घेतलं नसतं. इंग्रजीत मात्र आमच्यापैकी कुणीच कधी पदर घेतला नव्हता.

मी विचारलं, कुठे शिकलात? ती म्हणाली, कानात इअरफोन घालून, मोबाइलवर, दोन वर्षं, काम करता करता.

काम, हा शब्द मी तेव्हाही नुसता ऐकून सोडला. दुसऱ्या दिवशी सरावासाठी म्हणून मी दिवसभर काय करता ते सांगायला सांगितलं, तेव्हा मात्र ती जवळजवळ अर्धा तास बोलली. पर्वत पाटियाच्या कारखान्यांकडून टेम्पो येतो. भरतकामाच्या मशीनवरच्या साड्या असतात. एका नक्षीच्या बुट्टीपासून दुसऱ्या बुट्टीपर्यंत मागच्या बाजूने धागे सुटे लोंबत असतात, ते कापायचे. कात्री बोटभर. धागा कापायचा, पण कापड नाही; एक टोक जरी जास्त आत गेलं तरी साडीला भोक, आणि ती साडी आपल्या माथी. कापड डोळ्यांनी नाही, बोटांनी बघायचं. रेशमी कापडावर कात्री आडवी धरायची, जाळीच्या कापडावर उभी. आपल्या गल्लीतल्या अकरा बायकांना मी माल वाटते, संध्याकाळी त्यांची प्रत्येक साडी उलटी करून तपासते, नवीन बाईला पहिला आठवडा फक्त फिकट रंगाच्या साड्या देते, कारण गडद कापडावर गडद धागा दिसत नाही आणि माणूस घाबरून हात कापून घेतो.

मी ऐकत राहिलो. अकरा बायका. त्या सगळ्या माझ्या ओळखीच्या होत्या, त्यांच्या पोरांना मी शिकवलं होतं. त्या रोज संध्याकाळी जिना चढून वर जायच्या आणि मला वाटायचं, गप्पा मारायला जातात. मी ज्या गठ्ठ्यांना पाय लागतो म्हणून रोज कुरकुर करत होतो, त्यांच्यामागे एवढी मोठी शाळाच चालली होती, आणि ती चालवणारी बाई माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहत होती. मी सव्वीस वर्षं मास्तर आहे. नवीन मुलाला आधी सोपं द्यावं की अवघड, यावर मी अजून ठाम बोलू शकत नाही. ती बोलू शकत होती. मला तिच्याबद्दल एवढा आदर वाटला की त्या दिवशी मी पहिल्यांदा कॅलेंडर सोडून तिच्याकडे बघितलं.

आणि मग आठवलं. अर्जात मी "नाही" लिहिलं होतं.

त्याच संध्याकाळी मी फार्मला पत्र पाठवलं की अर्ज भरताना चूक झाली आहे. उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवलं. नाही. इंटरनेटवर शोधलं तर जागोजागी लिहिलेलं की अर्जात एक आणि मुलाखतीत दुसरं निघालं तर लबाडी समजतात, अर्ज तर जातोच, पुढच्या व्हिसालाही अडचण येते. म्हणजे ही नोकरी गेली तर गेली, दुसऱ्या कुठल्या देशाची वाटही बंद. भाऊ तीनदा हरला होता. तिच्या रूपाने त्या घराला एकच दार उघडलं होतं आणि त्यात मी पाचर मारून ठेवली होती.

मी दोन दिवस विचार केला आणि शहाणपण सुचलं म्हणून बायकोला बोलावलं. भावजय स्वयंपाकघरात होती. "तिला म्हणावं," मी म्हणालो, "अर्जात आहे तेच सांग. अनुभव नाही म्हण. अनुभव नसला तरी चालतो असं जाहिरातीत आहेच." बायको आत गेली. मग ती बाहेर आली आणि म्हणाली, "काही बोलली नाही." भाऊ म्हणाला, "दादा म्हणतो तसं करेल ती." मला हायसं वाटलं. इतक्या दिवसांत एवढं सगळं ऐकूनही मला हायसं वाटलं, हे लिहिताना आज लाज वाटते.

मुलाखत संध्याकाळी साडेसातला होती, तिकडे सकाळ. माझ्याच खोलीत, कारण इंटरनेट माझ्याकडे. मी लॅपटॉपच्या मागे भिंतीला टेकून बसलो, म्हणजे तिला मी दिसेन आणि पडद्यावरच्यांना दिसणार नाही. भाऊ जिन्यावर जाऊन बसला, त्याला ऐकवत नव्हतं. बायको मधल्या दारात उभी. भावजयीने त्या दिवशी पंजाबी ड्रेस घातला होता आणि डोक्यावर ओढणी नव्हती.

पडद्यावर दोघं होती. एक तरुण माणूस, तो लिहून घेत होता, आणि एक पांढऱ्या केसांची बाई, अंगात जाड जॅकेट, मागे पत्र्याची भिंत. सुरुवात बरी झाली. मग त्या माणसाने कागद उलटला आणि विचारलं, अनुभव काही नाही असं लिहिलंय. कधी हाताने काम केलंच नाही का?

मी तिच्याकडे बघून मान हलवली. नाही म्हण.

तिने माझ्याकडे बघितलं. सरळ. मग पडद्याकडे वळून म्हणाली, "मी नऊ वर्षं काम करते आहे."

ती इंग्रजीत बोलत होती, मी इथे माझ्या शब्दांत देतोय. पडद्यावरचा माणूस थांबला. मग अर्जात तसं का नाही, असं त्याने विचारलं. आवाज बदलला होता. मला घाम फुटला. माझा भाऊ फोनवर घामाघूम व्हायचा तेव्हा मी त्याला हसायचो.

ती म्हणाली, "अर्ज माझ्या नवऱ्याच्या मोठ्या भावाने भरला. ते शिक्षक आहेत, चांगले आहेत. आमच्या घरात मी त्यांच्याशी बोलत नाही. म्हणून त्यांनी मला विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दोघांची चूक आहे. पण काम खरं आहे."

मला वाटलं, संपलं. ती उठली, कोपऱ्यातल्या गठ्ठ्यातून एक साडी ओढली, मांडीवर उलटी पसरली, बोटभर कात्री घेतली आणि कापायला लागली. लॅपटॉपचा कॅमेरा तिने हाताने खाली वाकवला. तिच्या डाव्या हाताची बोटं कापडाखाली पुढे पुढे सरकत होती आणि कात्री त्यांच्यावरून चालत होती, थांबत नव्हती, आणि ती स्वतः पडद्याकडे बघत होती. कापडाकडे नाही. रोज घरात चाललेलं ते काम मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. धागे पावसाळी किड्यांसारखे फरशीवर पडत होते. मी मुलाखत विसरलो, अर्ज विसरलो, तोंड उघडं टाकून बघत राहिलो. पडद्यावरची म्हातारी बाई इतकी पुढे वाकली की तिचं कपाळच दिसायला लागलं. मशरूमही असंच, ती म्हणाली, बोटांनी बघावं लागतं, दाबलं की डाग पडतो. मग तिने विचारलं, हे तुला कुणी शिकवलं?

भावजय म्हणाली, "ती इथेच आहे," आणि लॅपटॉप उचलून मधल्या दाराकडे फिरवला.

दारात माझी बायको होती. तिने घाईघाईने पदर डोक्यावर ओढला. पडद्यावरच्या बाईने तिला हात हलवून नमस्कार केला आणि काहीतरी विचारलं. बायकोला इंग्रजी कळेना, तिने माझ्याकडे बघितलं. म्हणजे मध्ये कुणीतरी लागणार होतं, आणि या खेपेला ते मीच होतो. मी भिंतीजवळून उठून कॅमेऱ्यासमोर आलो.

"ती विचारते, तू किती वर्षांपासून हे काम करतेस," मी बायकोला म्हणालो. आणि म्हणताना लक्षात आलं की उत्तर मलाही माहीत नाही.

"एकोणीस," बायको म्हणाली.

आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती. मी वळून पडद्यावरच्या अनोळखी बाईला सांगितलं की माझी बायको एकोणीस वर्षांपासून काम करते. त्या बाईने मान हलवली, लिहून घेणाऱ्या माणसाला काहीतरी सांगितलं, आणि त्याने आधी लिहिलेलं खोडून नवीन लिहिलं.

नोकरीचं पत्र सतरा दिवसांनी आलं. ते भावजयीच्याच मोबाइलवर आलं. तिने आधी ते माझ्या बायकोला वाचून मराठीत सांगितलं, मग नवऱ्याला, मग मुलीकडून खाली पाठवलं. मी चष्मा लावून वाचायला घेतलं, पण त्यात समजावून सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. इंग्रजीची परीक्षा, तपासण्या, व्हिसा, यात वर्ष गेलं. त्या वर्षात तिने गल्लीतल्या एका मुलीला माल तपासायला तयार केलं. मला वाटलं होतं, आता आमचं बोलणं सुरू होईल. झालं नाही. इंग्रजीचे धडे संपले आणि आम्ही पुन्हा गॅसवाल्यावर आलो.

ती निघाली तो दिवस मागच्या हिवाळ्यातला. सुरत विमानतळावर दुपारी गेलो, इथून दिल्ली आणि तिथून पुढे. आत फक्त प्रवाशांना सोडतात. भाऊ मुलीला कडेवर घेऊन उभा होता, सात-आठ वर्षांची पोर कडेवर मावत नव्हती तरी. गेटवरच्या जवानाने पासपोर्ट मागितला. तिने तो दाखवला, नवऱ्याशी बोलली, मुलीचे गाल पुसले, माझ्या बायकोच्या गळ्यात पडली. मग माझ्याकडे आली. मला वाटलं, लांबून वाकून नमस्कार करेल. ती माझ्यासमोर उभी राहिली. डोकं उघडं होतं.

"दादा, येस मी," ती अहिराणीत निरोप घेत म्हणाली. "पोरकडे ध्यान ठेवज्यात."

तिने माझ्याशी घरच्या भाषेत उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. माझ्याजवळ सांगण्यासारखं खूप होतं. तुझं चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं, असं सांगायचं होतं. तुला बघून मी थक्क झालो, सव्वीस वर्षं शिकवून मला जे कळलं नाही ते तुला येतं, असं सांगायचं होतं. तोंड उघडलं. आणि माझी मान आपोआप बायकोकडे वळली.

"तिला म्हणावं," मी म्हणालो, "नीट जा."

बायको माझ्याकडे बघत राहिली. तिने यावेळी निरोप नेला नाही. "तुम्हीच सांगा ना आता," ती म्हणाली.

मी वळलो तोवर भावजय आत गेली होती. काचेपलीकडे ती बॅग पट्ट्यावर ठेवत होती, आणि काचेतून आवाज जात नव्हता.